‘श्री.’ की ‘श्रीमती’: साताऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयातील संबोधनाचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. कार्यालय, कर्मचारी आणि घटनांच्या तारखा खऱ्या नाहीत. कायदे, नियम आणि न्यायनिर्णय मात्र खरे आहेत. घटना 2023 मधली धरली आहे आणि कायदाही त्या वर्षी जसा होता तसाच वाचला आहे.

प्रसंग

सातारा शहरातले राज्य शासनाच्या एका खात्याचे जिल्हास्तरीय कार्यालय. एकूण 23 कर्मचारी. आस्थापना, लेखा, आवक-जावक आणि तळमजल्यावर अर्ज घेण्याची खिडकी. तिथे पाटण, माण, खटावकडून सकाळच्या एसटीने आलेली माणसे रांगेत असतात.

खिडकीवरच्या कनिष्ठ लिपिक 2016 मध्ये पुरुष म्हणून सेवेत लागल्या. 2022 मध्ये त्यांनी तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज केला. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 च्या कलम 6 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळाले. पुढे शस्त्रक्रियेनंतर कलम 7 खाली ‘स्त्री’ अशी नोंद असलेले सुधारित प्रमाणपत्रही मिळाले. राजपत्रात नावबदल छापून आला आणि मे 2023 मध्ये सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर नव्या नावाची आणि ‘स्त्री’ अशी साक्षांकित नोंद झाली. इथपर्यंत कुठे अडले नाही.

अडले ते जूनमध्ये. आस्थापना शाखेतले वरिष्ठ लिपिक, 22 वर्षांची सेवा, कामाला चोख. 5 ते 16 जून या काळात त्यांनी चार वेळा खिडकीपाशी, लोकांसमोर, या लिपिकांना जुन्या नावाने हाक मारली. तीन टिपण्यांत त्यांच्या नावापुढे ‘श्री.’ लिहिले. एका शिपायाने दुरुस्ती सुचवली तेव्हा ते म्हणाले, “कागदावर काय लिहायचं ते साहेब सांगतील, तोंडानं काय बोलायचं ते मी ठरवीन.”

या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. कागदाचा आणि तोंडाचा. कार्यालयप्रमुखांनी ते वेगळे केले नाहीत, म्हणून पुढचा सगळा गोंधळ झाला.

पहिला आदेश

19 जूनला लिपिकांनी लेखी तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी कार्यालयप्रमुखांनी आदेश काढला. सर्व कर्मचाऱ्यांनी संबंधित लिपिकांना ‘मॅडम’ असेच संबोधावे. ‘त्या स्त्री आहेत हे मला मान्य आहे’ असे हमीपत्र प्रत्येकाने तीन दिवसांत द्यावे. न दिल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. सोबत कलम 7 च्या प्रमाणपत्राची छायाप्रत जोडून आदेश सर्व शाखांत फिरवला.

हेतू चांगला होता. पण या अर्ध्या पानात चार चुका होत्या, आणि चारही अशा की दुसऱ्या बाजूच्या वकिलाने त्यांवरच बोट ठेवले असते.

सर्वांत गंभीर चूक छायाप्रतीची. ते प्रमाणपत्र म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याचा कागद. तो शिपायापासून लेखापालापर्यंत सगळ्यांच्या टेबलावर गेला. ज्यांच्या रक्षणासाठी आदेश काढला, त्यांचीच खासगी बाब त्या आदेशाने उघडी पाडली. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे हे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलेले आहे. आस्थापना शाखेने हे प्रमाणपत्र वैयक्तिक नस्तीत बंद लिफाफ्यात ठेवायचे असते. इतरांना ‘सेवापुस्तकातील नोंदीनुसार’ एवढे सांगणे पुरेसे होते.

दुसरी चूक हमीपत्राची. कर्मचाऱ्याने काय करावे हे शासन सांगू शकते. त्याने मनात काय मानावे हे सांगू शकत नाही. ‘मला मान्य आहे’ हे शब्द सहीनिशी घेणे म्हणजे श्रद्धेची कबुली घेणे झाले.

तिसरी चूक आधाराची. आदेशात एकाही कलमाचा, एकाही नियमाचा उल्लेख नव्हता. चौथी चूक अधिकाराची. वर्ग 3 च्या या पदांचे नियुक्ती प्राधिकारी पुण्याच्या विभागीय कार्यालयात. मोठी शिक्षा द्यायचा अधिकार त्यांचा, साताऱ्याच्या कार्यालयप्रमुखांचा नाही. मर्यादा न सांगता ‘कारवाई होईल’ असे लिहिणे कार्यालयप्रमुखांच्या लेखणीत बसत नव्हते.

वरिष्ठ लिपिकांचा खुलासा

22 जूनला वरिष्ठ लिपिकांनी दोन पानी खुलासा दिला, आणि तो हलक्यात घेण्याजोगा नव्हता. त्यांनी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या निर्णयाचा दाखला दिला. केरळातली तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढले. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. अनुच्छेद 19(1)(क) मधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचेही स्वातंत्र्य आहे, आणि अनुच्छेद 25 खालचा धर्मस्वातंत्र्याचा हक्कही मुलांच्या बाजूने आहे, असे न्यायालयाने धरले.

शिवाय त्यांनी समाजमाध्यमावर फिरणारा एक मजकूर छापून जोडला होता: अमेरिकेत सरकारी नोकराला दुसऱ्याचे पसंतीचे सर्वनाम वापरायची सक्ती करता येत नाही. आणि शेवटी एक वाक्य होते: ‘ते स्वतःही बोलताना कधी कधी “मी आलो” असेच म्हणतात.’

या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देऊ, कारण ते इथल्या बोलीत आहे. कनिष्ठ लिपिकांचे घर कोल्हापूरकडचे. तिकडे बाया सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्यांच्या स्त्रीपणाबद्दल कुणाला शंका येत नाही. एखाद्याच्या तोंडून निसटलेले क्रियापद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे चूक आहे. कुणी त्या क्रियापदाची नक्कल करून हसत असेल, तर तो तक्रारीचा स्वतंत्र मुद्दा होतो.

अमेरिकेचा मुद्दाही नीट पाहायला हवा. तिथे एकच देशव्यापी नियम नाही. आयडाहो राज्याने 2024 मध्ये असा कायदा केला की शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांवर सर्वनामांची सक्ती करू नये. वायोमिंगने 2025 मध्ये त्याच वाटेने कायदा केला. दोन्ही कायदे या प्रकरणानंतरचे आहेत, पण वाद आधीपासून चालू होता. 2021 मध्ये ओहायोतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या प्राध्यापकाचा दावा तिथल्या सहाव्या सर्किट अपील न्यायालयाने ग्राह्य धरला. त्या न्यायालयाने वर्गात शिकवण्याला वेगळे स्थान दिले. खिडकीवर अर्ज घेणाऱ्या किंवा टिपणी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रश्न वेगळा पडतो, कारण गार्सेटी निर्णयात (2006) तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की कर्तव्याचा भाग म्हणून कर्मचारी जे बोलतो त्याला खासगी नागरिकाच्या बोलण्याचे संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये सरकारी खात्याच्या कामावरच्या एका डॉक्टरने लाभार्थ्यांची पसंतीची सर्वनामे वापरायला नकार दिला. 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या श्रद्धेला संरक्षण आहे हे मान्य केले, पण खात्याने घेतलेली भूमिका आवश्यक आणि प्रमाणशीर होती म्हणून निकाल खात्याच्या बाजूने दिला.

यातले काहीच साताऱ्यात लागू नाही. तरीही या तुलनेतून एक गोष्ट हाती लागते. इंग्रजीत समोरच्याशी बोलताना सर्वनामात स्त्री-पुरुष भेद येतच नाही. तो येतो तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना. म्हणून तिथला बहुतेक वाद सर्वनामांचा. मराठीत गाठ दुसरीकडे आहे.

मराठीत गाठ कुठे बसते

एकेरीत तोंडावरच लिंग येते: ‘तू आलास’, ‘तू आलीस’. पण ‘तुम्ही’ म्हटले की ‘आलात का’, ‘येता का’, ‘याल का’ ही रूपे दोघांना सारखीच. अडचण उरते ती ‘तुम्ही दमलेले दिसता’ की ‘दमलेल्या दिसता’ अशा विशेषणांत. पाठीमागे बोलताना ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ वेगळे होतात. मात्र ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे समान आहेत. शिवाय ‘त्यांनी टिपणी लिहिली’ या वाक्यात क्रियापद टिपणीमागे जाते, लिहिणाऱ्यामागे नाही. सरकारी टिपणीतली बहुतेक वाक्ये याच घडणीची असतात: ‘लिपिकांनी प्रस्ताव सादर केला आहे’, ‘त्यांची रजा मंजूर करावी’. म्हणजे नावापुढचे ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ सोडले, तर रोजच्या कागदात लिंगाची गरज फार थोडी पडते.

खिडकीबाहेरची गोष्ट आणखी निराळी. साताऱ्याकडे कार्यालयातल्या लिपिकाला ‘भाऊसाहेब’ म्हणायची जुनी रीत आहे. माणहून आलेला शेतकरी खिडकीत वाकून “भाऊसाहेब, एवढा अर्ज बघा” म्हणतो, तेव्हा त्यात अपमानाचा लवलेश नसतो. सवयीचा शब्द आणि मुद्दाम वापरलेला शब्द यांतला फरक चौकशीत पहिल्यांदा तपासावा लागतो. खूण साधी आहे: दुरुस्ती सांगितल्यावर काय झाले? सवयीची चूक दुरुस्त होते. मुद्दाम केलेली चूक प्रेक्षक पाहून होते. चारही प्रसंग रांग भरलेली असतानाचे होते; रिकाम्या खिडकीपाशी वरिष्ठ लिपिक काहीच नाव घेत नसत. चौकशीत हीच बाब निर्णायक ठरली.

कायदा नेमके काय सांगतो

2019 च्या अधिनियमात ‘अमुक सर्वनाम वापरा’ असे कलम नाही. 2023 मध्ये जे होते ते असे. कलम 4 खाली स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क. कलम 6 खाली सर्व अधिकृत कागदपत्रांत प्रमाणपत्राप्रमाणे लिंगाची नोंद. कलम 3 आणि 9 खाली नोकरीतल्या भेदभावाला बंदी. कलम 11 खाली प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी. 2020 च्या नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्यापासून 15 दिवसांत चौकशी करायची, आणि अहवालानंतर 15 दिवसांत आस्थापनाप्रमुखाने कार्यवाही करायची. याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निर्णय आहे. त्यात लिंगओळख व्यक्त करणे हाही अनुच्छेद 19(1)(क) चा भाग मानला आहे. म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा एकच अनुच्छेद या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे.

सरकारी नोकर झाल्याने मूलभूत हक्क जात नाहीत, हे कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (1962) पासून ठरलेले आहे. आणि बिजो इमॅन्युएलमधला सर्वांत उपयोगी भाग वरिष्ठ लिपिकांच्या खुलाशात आलाच नव्हता: शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना वैधानिक आधार नव्हता, म्हणून त्यांच्या जोरावर बोलण्याच्या हक्कावर मर्यादा घालता येत नाही, असेही न्यायालय म्हणाले. पहिला आदेश याच दगडावर आपटला असता. कार्यालयप्रमुखाचे पत्र म्हणजे अनुच्छेद 19(2) मधला, म्हणजे बोलण्यावर वाजवी मर्यादा घालू शकणारा, ‘कायदा’ नव्हे. मर्यादा घालायची तर ती अधिनियमातून किंवा वैधानिक नियमातून यायला हवी. इथे तो आधार आहे: 2019 चा अधिनियम आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 चा नियम 3, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन. तो लिहायचा राहिला होता.

पण ती मुले आणि हे वरिष्ठ लिपिक यांत फरक आहे. मुले गप्प राहिली, आणि त्यांच्या गप्प राहण्याने शेजारच्या कुणाचे काही गेले नाही. वरिष्ठ लिपिक गप्प राहिले नव्हते. त्यांनी लोकांसमोर जुने नाव घेतले. गप्प राहण्याचा हक्क दुसऱ्याचे टाकलेले नाव चारचौघांत उच्चारण्याचा हक्क होत नाही. आणि टिपणीतले ‘श्री.’ हे तर त्यांचे बोलणेच नव्हते. टिपणी शासनाची, सेवापुस्तक शासनाचे, आणि सेवापुस्तकात स्त्री अशी नोंद. तिथे ‘श्री.’ लिहिणे म्हणजे अभिलेखात चुकीची नोंद करणे, जसे एखाद्याची जन्मतारीख चुकीची लिहावी. यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही.

उरतो ‘मॅडम’ हा शब्द. आमच्या मते या एका मुद्द्यावर वरिष्ठ लिपिकांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. ‘तुम्ही’ म्हणून, आडनाव किंवा पदनाम घेऊन कुणी बोलत असेल, तर त्याच्या तोंडून विशिष्ट आदरवाचक शब्द काढून घेण्याची गरज कायद्याला नाही. अट एकच: हा अलिप्तपणा सर्वांशी सारखा हवा. कार्यालयातल्या बाकी सहा महिलांना ‘मॅडम’ आणि या एकीलाच ‘कनिष्ठ लिपिक’ अशी हाक मारली, तर तटस्थ शब्दही भेदभावाचे हत्यार होतो आणि कलम 9 मध्ये येतो.

चौकशी आणि दुसरा आदेश

तक्रार अधिकारी नेमलेलाच नव्हता. घाईने पहिल्या आदेशावर सही असलेल्या सहायक अधिकाऱ्यांनाच नेमले गेले. दोन दिवसांनी चूक लक्षात आली आणि लेखाधिकाऱ्यांकडे काम दिले. ही त्रुटी फार ठिकाणी आढळते. ऑक्टोबर 2025 मध्ये जेन कौशिक या तृतीयपंथी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तक्रार अधिकारी नेमण्याबाबत पुन्हा निर्देश द्यावे लागले. काही कार्यालये अशी तक्रार महिला लैंगिक छळ प्रतिबंध समितीकडे ढकलतात. तक्रारीत लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी असेल तर तिथे जावे. इथे ती नव्हती. पोलिसांकडे जाण्याचा पर्यायही लिपिकांना सांगितला गेला. कलम 18 मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड होता. त्यांनी आधी कार्यालयीन मार्ग निवडला. निवड त्यांची होती आणि ती तशी नोंदवली गेली. ‘पोलिसांत जाऊ नका’ असा सल्ला देणे कार्यालयाचे काम नव्हे.

लेखाधिकाऱ्यांनी पुरावा काटेकोर घेतला. प्रत्येक प्रसंगाची तारीख, अंदाजे वेळ, उच्चारलेले नेमके शब्द, हजर असलेले दोन कर्मचारी. तीन टिपण्यांच्या प्रती. ‘नेहमी अपमान करतात’ अशा वाक्यावर शिक्षा टिकत नाही. ‘9 जून, सकाळी सव्वाअकरा, खिडकी, अमुक शब्द’ यावर टिकते. अहवाल 3 जुलैला, म्हणजे 15 दिवसांच्या आत सादर झाला.

11 जुलैला पहिला आदेश मागे घेतला गेला, आलेली हमीपत्रे परत केली, फिरवलेल्या छायाप्रती मोजून गोळा केल्या. दुसऱ्या आदेशाचा गाभा असा होता:

‘अधिनियम, 2019 ची कलमे 3, 6 व 9 आणि वर्तणूक नियम, 1979 चा नियम 3 यांस अनुसरून कळविण्यात येते की, सर्व टिपण्या, हजेरीपट, पत्रव्यवहार व नामफलक यांत प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव व नावापूर्वीचे संबोधन सेवापुस्तकातील नोंदीप्रमाणेच लिहावे. कर्तव्यावर असताना सर्व कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी “तुम्ही” असे बोलावे. आडनाव, पदनाम अथवा प्रचलित आदरवाचक शब्द यांपैकी कोणतेही संबोधन वापरता येईल. मात्र ते व्यक्ती पाहून बदलू नये. कोणाचेही पूर्वीचे नाव तोंडी वा लेखी वापरू नये. जुना अभिलेख जोडण्यासाठी आवश्यक असेल तेथेच आस्थापना शाखेने राजपत्राच्या संदर्भासह त्याचा उल्लेख करावा. अनुपस्थित कर्मचाऱ्याविषयी बोलताना नोंदीविरुद्ध लिंगरूप हेतुपुरस्सर वापरू नये. या आदेशान्वये कोणासही आपले वैयक्तिक मत वा श्रद्धा प्रकट करण्याची आवश्यकता नाही.’

‘व्यक्ती पाहून बदलू नये’ आणि शेवटचे वाक्य, या दोहोंवर सगळा आदेश उभा आहे. पहिल्यामुळे कनिष्ठ लिपिक एकट्या पडत नाहीत. दुसऱ्यामुळे वरिष्ठ लिपिकांना खोटे बोलावे लागत नाही.

शिक्षेचा प्रस्ताव पुण्याला गेला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 च्या नियम 10 प्रमाणे दोषारोपांचे ज्ञापन, लेखी म्हणणे मांडण्याची संधी आणि त्यानंतर निर्णय. चार वेळा जुने नाव आणि तीन टिपण्यांतले ‘श्री.’ हे दोन दोषारोप सिद्ध धरून ‘ठपका’ ही किरकोळ शिक्षा झाली. ‘मॅडम’ म्हणण्यास नकार हा तिसरा दोषारोप वगळला गेला.

पुढे वरिष्ठ लिपिक सगळ्यांनाच पदनामाने हाक मारू लागले. दोघांत मैत्री झाली नाही, आणि आदेशाचा तो उद्देशही नव्हता. ऑगस्टमध्ये कार्यालयाच्या भ्रमणध्वनी गटात जुने नाव पुन्हा दिसले. त्यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता, दोन जणांच्या फोनमध्ये संपर्क जुन्याच नावाने जतन होता. मस्टर, नामफलक, सेवार्थ ही वेतनप्रणाली, निवृत्तिवेतन खाते हे सगळे तपासले जाते आणि ही जागा सुटते.

खिडकीबाहेरच्या माणसांबद्दल दुसऱ्या आदेशात एक अक्षरही नाही, आणि ते जाणूनबुजून. वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला बांधतात, अर्जदाराला नाही. खिडकीच्या काचेवर आता नाव आणि पदनाम असलेली पाटी आहे. पाटी वाचून कुणी ‘मॅडम’ म्हणते, कुणी ‘ताई’. न वाचता कुणी “भाऊसाहेब” म्हणाले, तरी लिपिक हात पुढे करून अर्ज घेतात आणि सोबतची कागदपत्रे मोजू लागतात.